पाठीची प्लेट

ठाणे,
रविवार, दुपार

चि. निनादस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आई, रविवारी पलटणीतल्या पोरांना दाखवायला लढाईचे सिनेमे सांग, पण खरे वाटणारे, गाणीबिणी नकोत," एवढं बोललास आणि लाइन गेली. नंतर लागलाच नाहीस. नुसती नावं मेसेजमध्ये टाकता आली असती, पण मग तू नेमकं बघायचं तेच पुढे पळवशील. म्हणून वहीची पानं फाडून बसले. बाबा आत झोपलेत, आजीची मालिका लागायला अजून वेळ आहे.

निघायच्या दिवशी जे झालं त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. हेल्मेटचा विषय संपला.

खरा सिनेमा कसा ओळखायचा ते आधी. गोळी आवाजाच्या पुढे धावते, त्यामुळे जवळून गेली की आधी चाबकासारखा तडाखा आणि मग लांबून बंदुकीचा धप्प. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे डोंगरापलीकडचा स्फोट आधी दिसला पाहिजे, ऐकू नंतर आला पाहिजे. बहुतेक सिनेमांत दोन्ही एकदम होतं. हातबॉम्ब फुटल्यावर नारिंगी आगीचा फुगा आला तर पेट्रोल जाळलंय असं समज; खऱ्यात धूळ, करडा धूर, आणि तुकडे, जे डोळ्याला दिसतच नाहीत. एके-४७ मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने झाडते, मॅगझीन ३० ची. घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत रिकामी. आता बघ किती हिरो पास होतात. (हे सगळं तुला शिकवलंच असेल. मी कोणाला सांगतेय!)

माझी स्वतःची परीक्षा रक्ताची. "आई सिनेमा बघत नाही, रक्त मोजते," असं ताई म्हणते ते काही खोटं नाही. कॅज्युअल्टीत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? खांद्याला गोळी लागली की हिरो "काही नाही, खरचटलंय" म्हणतो. खांद्याखालून हाताला रक्त नेणारी मोठी रोहिणी जाते, मज्जातंतूंची अख्खी जुडी जाते, आणि तिथे पट्टा बांधायला जागा नाही. मग कोणीतरी सुरी तापवून गोळी काढतो. गोळी काढल्याने कोणी वाचत नाही, रक्त थांबवल्याने वाचतो. आणि मरणाऱ्याचं भाषण! माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. दीड-दोन लिटर गेलं की नाडी १२० च्या वर, अंग गार, घाम, माणूस बडबडतो, पाणी मागतो, उठून बसायला बघतो. त्याला सगळ्या नात्यांची आठवण क्रमाने येत नाही.

आता नावं.

पहिला 'ब्लॅक हॉक डाउन', रिडली स्कॉटचा, २००१ चा. ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३, सोमालियातलं मोगादिशू. अमेरिकन सैनिकांनी दुपारी निघायचं, हवी ती माणसं धरायची, तासाभरात परत. लोक यातली हेलिकॉप्टरं बघतात. तू निघायच्या आधीची तयारी बघ आणि पोरांना दोनदा दाखव. रात्री दिसायचे चष्मे ठेवून देतात, कारण अंधार पडायच्या आत यायचंय. पाणी ठेवतात, कारण तासाभराचं तर काम. आणि गोळी अडवणाऱ्या जाकिटातली पाठीची प्लेट काढून ठेवतात, कारण जड होते, उकडतं, आणि पाठ दाखवून पळायचंय कुणाला? पुढे दोन हेलिकॉप्टरं पडतात आणि त्या तासाची रात्र होते. १८ अमेरिकन गेले. सोमाली शेकड्यांनी गेले आणि सिनेमात त्यांना धड चेहराही नाही, ही त्याची खोट, तीही पोरांना सांग.

पाठीमागून काही येणार नाही, हे कुणी लिहून दिलेलं असतं का? घोडबंदर रोडवर मागून येणारा टँकर काय हॉर्न देऊन येतो? "इथेच तर जायचंय" हे वाक्य मोगादिशूत नि कापूरबावडीत सारखंच. तुझ्या भुवईतले सात टाके...

बघ, आलेच त्यावर. सोड. सिनेमाचं बोलते.

त्यातच एका पोराच्या जांघेतली रोहिणी तुटते. मेडिक आत हात घालून तिचं टोक शोधतो, सापडत नाही. हे अगदी खरं आहे. तुटलेली रोहिणी ताणलेल्या रबरासारखी आखडून आत पोटाकडे जाते. मांडीच्या मध्यावर असती तर वरून टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, बसलं असतं. जांघेत, काखेत तसं चालत नाही. तिथे जखमेच्या तळापर्यंत बोटाने गॉज कोंबत जायचं, खड्डा भरेपर्यंत, आणि हात ताठ ठेवून अंगाचा भार टाकून दाबायचं. रक्त गोठवणारं औषधी गॉज असेल तर निदान ३ मिनिटं, साधं असेल तर १०. मध्ये उचलून बघायचं नाही. बघायचा मोह सगळ्यांना होतो, नव्या सिस्टरलाही.

दुसरा 'कजाकी', २०१४ चा, इंग्रजांचा. फार कुणाला माहीत नाही, पण माझ्या मते या सगळ्यांत खरा तोच. अफगाणिस्तानात हेल्मंद प्रांतात कजाकी धरणाजवळ ६ सप्टेंबर २००६ ला घडलेलं. कोरड्या ओढ्यात रशियनांच्या काळातले सुरुंग, एकाचा पाय पडतो, त्याला आणायला गेलेल्यांचेही पडतात. शत्रू पडद्यावर जवळजवळ नाहीच. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे पुढे काय होणार हे आधी कळत नाही, जसं कळत नसतंच. चिनूक हेलिकॉप्टर येतं, पण त्याला माणूस वर ओढायचा विंच नाही, आणि पंख्याचा वारा खाली आणखी घोळ करतो. मेडिक जखमीपर्यंत कसा पोचतो ते नीट बघ: पाठीवरची औषधांची पिशवी पुढे फेकतो, फुटलं नाही की तिच्यावर उडी, पुन्हा उचलून पुढे. हे खरंच तसंच झालेलं आहे.

टूर्निकेट शिकवायला याच्याइतका दुसरा सिनेमा नाही. थांबव आणि शिकव. जखमेच्या वर दोन-तीन इंच, गुडघ्या-कोपरावर कधी नाही. पँटवरून बांधलं तरी चालतं, पण आधी खिसा रिकामा कर. किल्ल्या, लायटर खाली राहिला की पट्टा घट्ट वाटतो आणि रक्त चालूच. पट्ट्यातली कांडी पिळत राहायची रक्त थांबेपर्यंत. माणूस ओरडेल, शिव्या देईल, देऊ दे. ओरडला म्हणून सैल करू नकोस. एकाने भागलं नाही तर त्याच्या वर दुसरं. वेळ लिहायची, कपाळावर लिहिली तरी चालेल. दोन तासांच्या आत सर्जनपर्यंत गेला तर पाय सहसा वाचतो. अधूनमधून सैल करून "थोडं रक्त जाऊ दे" असं जुन्या सिनेमात करतात, ते कोणालाही करू देऊ नकोस. आणि ऊन कितीही असो, जखमीला गुंडाळ. गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

लेक्चर झालं ना? तू अधिकारी आहेस, मला माहीत आहे. डाव्या खांद्यावरचा स्टार मीच लावलाय, उजवा बाबांनी. बाबांचे हात थरथरत होते, माझे नाही, हे मात्र सगळ्यांना सांग.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) तू बघितलायस, तरी ओमाहा किनाऱ्याची सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं पुन्हा बघ, या वेळी कानांनी. स्फोट जवळ झाला की सगळं बधिर होतं, पाण्याखाली गेल्यासारखं, आणि मग एकदम परत येतं. मातीचा एकेक कण सुटा दिसतो ना, ते कॅमेऱ्याचं शटर नेहमीपेक्षा फार कमी उघडं ठेवल्यामुळे; हलत्या गोष्टी पुसट होत नाहीत, तुटक दिसतात. घाबरलेल्या माणसाला तसंच दिसतं म्हणतात. पुढे मेडिकलाच गोळ्या लागतात तो प्रसंग आहे. सगळे दाबून धरतात, आणि त्याला स्वतःला कळतं की यकृत गेलंय. मग तो मॉर्फिन मागतो, आणखी मागतो, आणि देणाऱ्यांना कळतं तो काय मागतोय. इतकं खरं मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्यातला आयोवातल्या आईचा प्रसंग पुढे पळवलास तरी चालेल. ती भांडी घासत असते, खिडकीतून लांबवर गाडीची धूळ दिसते. मी त्या वेळी चहा टाकायला उठते.

'दास बूट' (१९८१) पाणबुडीचा, मोठी आवृत्ती साडेतीन तासांची, रविवारी कोणी बसणार नाही. वाट बघणं, कंटाळा, घाम, ओलसर पाव यांचा सिनेमा आहे. एकटा असशील तेव्हा बघ. २०२५ चा 'वॉरफेअर' दीडेक तासाचा, इराकमधल्या रमादीत २००६ ला जे तिथे होते त्यांच्या आठवणींवर बेतलेला. जखमीचं ओरडणं कॅमेरा फिरल्यावर थांबत नाही, एवढ्यासाठी बघ. एलिम क्लिमॉवचा 'कम अँड सी' (१९८५) पोरांना अजिबात दाखवू नकोस. बेलारूसमधलं १९४३ सालचं गाव आणि एका पोराचा चेहरा. नंतर दोन दिवस जेवण जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी असलेल्याला तो दाखवणं हे शहाणपणाचं नाही.

'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', २०२२ चा जर्मन, त्याची सुरुवातच पुरे. मेलेल्या पोरांचे गणवेश उतरवतात, धुतात, भोकं शिवतात, आणि नव्या भरतीला देतात. एकाला कॉलरवर दुसऱ्याच्या नावाची पट्टी सापडते. टेबलामागचा माणूस म्हणतो, त्याला लहान झाला असेल, आणि पट्टी फाडून खाली टाकतो. त्या पोराने आईवडिलांची सही स्वतःच ठोकलेली असते. तुझ्या फॉर्मवर ती मी केली. निळ्या पेनने, विचार करून, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. फक्त रात्री दोनला जाग येते तेव्हा ती सही डोळ्यासमोर येते, एवढंच.

हिंदीत 'बॉर्डर' पोरं मागणारच, दाखव. संवाद फार आणि आवाज त्याहून फार. पण जी गोष्ट सगळ्यात फिल्मी वाटते ती खरी आहे: लोंगेवालाला ४ डिसेंबर १९७१ ची रात्र काढावी लागली, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री मारा करता येत नव्हता. उजाडल्यावर आली आणि रणगाडे टिपले. सिनेमात आपली किती माणसं पडतात ते मोज. प्रत्यक्षात दोन जवान गेले. आणि नानाचा 'प्रहार' (१९९१). त्यातलं ट्रेनिंग बघून तू आठवीत गॅलरीच्या कठड्यावरून चालायला गेला होतास, माईआत्या अजून सांगते. त्यातला पीटर कामगिरीवर पाय गमावून घरी येतो आणि मरतो मात्र मुंबईत, आपल्याच गल्लीतल्या गुंडांच्या हातून. वर्दी उतरवल्यावर. "इथेच तर" असताना.

शेवटचं म्हणजे दाखवायचं कसं. अख्खा सिनेमा नको, वीस-पंचवीस मिनिटांचा तुकडा काढ. टीव्हीचे स्पीकर पुटपुटतात, बाहेरचा स्पीकर जोड, नाहीतर तडाखा आणि धप्प वेगळे ऐकूच येणार नाहीत. हिंदी डबमध्ये पार्श्वभूमीचे आवाज बऱ्याचदा बारीक होतात, जमलं तर मूळ आवाज ठेव आणि तू बाजूला बसून सांग. संपल्यावर "कसा वाटला" विचारू नकोस, "यात पहिली चूक कुणी, कधी केली" विचार. ब्लॅक हॉकला बघ कितीजण हेलिकॉप्टर सांगतात आणि कितीजण प्लेट. ज्याच्या घरी नुकतंच काही झालंय, त्याला त्या दिवशी दुसरं काम दे.

पेन ड्राइव्ह पार्सलमध्ये आहे, लसणीच्या चटणीच्या डब्यात नाही, मोज्यांच्या जोडीत, म्हणजे वास लागणार नाही. सोबत दोन काळे मार्कर टाकलेत, पुसले न जाणारे. कशासाठी ते कळलं असेलच. तुझं हेल्मेट दाराच्या मागेच राहिलं होतं; आतलं अस्तर धुऊन वाळत घातलंय.

आणि एक कळव. ती पाठीची प्लेट नक्की किती किलोची असते? बाबा म्हणतात तीन, मला जास्त वाटते. आमची पैज लागली आहे, म्हणून विचारते.

तुझी,
आई