आरोग्यमंत्री, त्या कुलूपबंद खोलीची किल्ली कुणाकडे आहे?

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

गरोदर बायकांच्या मनाचीही काळजी घेऊ, तपासणीच्या वेळी समुपदेशक भेटेल, असं आपण जाहीर केलंत तेव्हा मला तिसरा महिना होता. आता सातवा संपत आलाय. परवा दवाखान्यात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी दिसली आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दाराला कुलूप होतं. खिडकीतून डोकावले तर आत मोडका वजनकाटा आणि खोक्यांची चळत. किल्ली कुणाकडे असते, हे तिघींना विचारलं. तिघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

मागच्या खेपेला माझं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. आता रात्रभर पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचाली मोजते. दहा झाल्या की पुन्हा एकपासून. जरा वेळ हललं नाही की दरदरून घाम फुटतो. नवऱ्याला किती वेळा उठवायचं? हे सिस्टरना सांगताना रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रडू नका हो, बाळावर परिणाम होतो." म्हणजे आता रडण्याचा गुन्हाही माझ्याच नावावर! मग रक्तदाब घेतला, कार्डावर लिहिला आणि पुढचीला हाक मारली. त्यांना तरी काय बोलू, बाहेर तीसेक जणी ताटकळत होत्या.

त्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळ्याला रकाने आहेत. मनासाठी अर्धी ओळ नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगभरात सुमारे १० टक्के गरोदर बायकांना आणि १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. म्हणजे त्या बाकांवरच्या तिघी तरी. हिशेब ढोबळ आहे. चुकला असेल तर आपल्या खात्याने मोजून दाखवावा. त्याला यंत्र लागत नाही. नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे, अवघे दहा प्रश्न. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तो मला कुणी विचारला असता तर काय उत्तर दिलं असतं, ते इथे लिहीत नाही.

ऐकायला मोठा डॉक्टरच हवा असंही नाही. नीट शिकवलेली आरोग्यसेविका हे काम करू शकते. पण तुमच्या व्यवस्थेला बाई दिसतेच कुठे? पोट दिसतं. पाटी लागली की योजना झाली, फोटो निघाला की अहवाल झाला. रस्त्यांचं तेच, शाळांचं तेच, आमचंही तेच. बाळंतपणात बाई मेली तर चौकशी तरी होते. जी जिवंत राहून आतल्या आत विझत जाते, तिच्यासाठी बैठक कोण लावणार?

माझी पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे. तोवर किल्ली सापडली तर बघा. नाहीतर निदान ती पाटी तरी काढा, पुन्हा आशेनं दारापर्यंत जाववत नाही.

आपली,
एक गरोदर बाई
(नाव कार्डावर आहेच, पहिल्याच रकान्यात.)