सुतारकाका, कोरड्या सांध्याबद्दल आभार

सुतारकाका, सप्रेम नमस्कार.

चित्राच्या पुढच्या बाजूला आमची सही असते, मागची बाजू तुमची. ती भिंतीला टेकली की कुणाला दिसत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. आसपास जे कोणी एसटी स्टँड, आठवडी बाजार, कवेलूची घरं समोर बसून रंगवतात, त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिले आभार सांध्याचे. कॅनव्हासचा सांगाडा, म्हणजे कापड ताणायची लाकडी चौकट, दाराच्या चौकटीसारखा डिंक-खिळ्यांनी पक्का करायचा नसतो, हे बहुतेकांना समजावून सांगावं लागतं. तुम्हाला लागलं नाही. बंडीच्या चाकाचे आरे तुंब्यात कोरडेच बसतात, हे तुमच्या हाताला ठाऊकच होतं. इथेही तसंच: चारही कोपऱ्यांत कुसू (पट्टीच्या टोकाची, खाचेत बसणारी जीभ) कोरडं आणि आतून प्रत्येक कोपऱ्याला दोन, अशा आठ पाचरी. पावसाळ्यात कापड सैल पडलं की पाचर हलकी ठोकून कोपरा केसभर उघडता येतो. डिंक लावलेल्या सांगाड्याला ही सोय नाही. कापड काढून पुन्हा ताणावं लागतं, आणि वाळलेल्या रंगाला घडीच्या जागी भेगा जातात.

ठोकण्यातही चूक होते. श्रावणातलं ढिलं कापड पाहून पाचर जोरात मारली, तर वैशाखात कोरड्या हवेने कापडाला रंगाआधी दिलेला सरसाचा थर आकसतो, ताण वाढतो आणि कोपऱ्यांत तिरप्या बारीक चिरा पडू लागतात. म्हणून दोन हलके ठोके, मग एक दिवस थांबायचं. हातोडी चालवताना पट्टी आणि कापडाच्या मध्ये पुठ्ठा सरकवायचा. पाचरीला भोक पाडून ती दोऱ्याने बांधायची युक्ती तर खास तुमची. सुटलेली पाचर खालच्या पट्टीमागे अडकली की समोरून चित्राला टेंगूळ येतं, आणि ते पुढे पुरतं बसत नाही.

दुसरे आभार ढाळाचे. पट्टी दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड, आणि तिचा समोरचा पृष्ठभाग बाहेरच्या कडेपासून आत पाव इंच उतरता. कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पट्टी सपाट ठेवली तर ब्रशच्या दाबाने कापड आतल्या कडेला लागतं आणि चौफेर रेघ उमटते. झाडोऱ्यात ती खपून जाते, आभाळात नाही. आणि आपल्याकडच्या चित्रात निम्मं तर आभाळच!

लाकूड तुम्ही मोडक्या दारांचं सागवान घेता, तेही बरोबर. त्याचं वाकणं-पिळणं होऊन गेलेलं असतं. ओल्या लाकडाचा सांगाडा फरशीवर ठेवला की एक कोपरा डुगडुगतो, आणि कापड कितीही नीट ताणलं तरी तो पीळ जात नाही. १८ बाय २४ च्या सांगाड्याचा कर्ण बरोबर ३० इंच. दोन्ही कर्ण सारखे भरले की काटकोन साधला, मग गुण्या फक्त खातरीला. कापड मात्र २४ बाय ३० कापायचं, म्हणजे चारही बाजूंना तीन इंच पकडायला मिळतं. खिळे प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्याकडे, दोन-दोन इंचांवर. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मधे सुरकुती राहते.

एवढा काटेकोरपणा कशाला, तर जागेवर बसून केलेलं चित्र एका बैठकीत होत नाही म्हणून. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड-दोन तासांत सावल्या इतक्या बदलतात की थांबावंच लागतं. स्पेनचे आंतोनियो लोपेझ गार्सिया यांनी माद्रिदमधल्या ‘ग्रान व्हिया’ रस्त्याचं चित्र १९७४ ते १९८१ असं केलं. उन्हाळ्यातल्या पहाटेचा तोच थोडा वेळ त्यांना हवा होता. आपल्या जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीगही हंगामातच रंगवता येतो, आणि अर्धवट कॅनव्हास मधला अख्खा उन्हाळा-पावसाळा भिंतीशी उभा असतो. तेवढ्यात सांगाडा पिळला की आधीची मेहनत वाया. (त्या ढिगाचा पांढरा रंग डब्यातला पांढरा नव्हे. उन्हातली बाजू जरा पिवळसर, सावलीतली निळसर. नुसतं पांढरं थापलं की ढीग चुन्याचा दिसतो.)

पानठेल्याचं चित्र कोण बघणार, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते. त्यांनी इराणी हॉटेल रंगवलं, लोअर परळ रंगवलं. गिव्ह पटेल, तेही डॉक्टरच, वर्षानुवर्षं विहिरीत डोकावून चित्रं काढत राहिले. विहीर काय आणि पानठेला काय!

आता एक विनंती. रंगाच्या पेटीला तुम्ही जवसाचं तेल चोळता, ते छानच दिसतं. पण ती चिंधी बोळा करून भुशाजवळ टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून वाळतं आणि वाळताना ऊब सोडतं. बोळ्यात ती ऊब कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळायला हवं. चिंधी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. तेलघाणीचं कच्चं तेल रंगात घालावं का, असं पोरं विचारतात, त्यांना नाही म्हणून सांगा. त्यातला चिकट अंश काढल्याशिवाय ते उशिरा वाळतं आणि पुढे पिवळं पडतं. चटणीवर मात्र तेच हवं.

कापूस वेचणीच्या आधी १८ बाय २४ चे सहा सांगाडे लागतील आणि ३० बाय ४० चा एक. मोठ्याला मधोमध आडवी पट्टी द्या, पण ती कापडाला टेकू नये एवढी मागे. त्याचा कर्ण ५० भरला पाहिजे. पाचरी आठ-दहा जास्तीच्या ठेवा, त्या हरवतातच.

आपले,
तालुक्यातली चित्रकार मंडळी