हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

शिकवणी संपली, मुलांच्या मार्कांची एक्सेल भरून झाली, टॅलीत मामांच्या दुकानाच्या नोंदीही झाल्या, तरी नवा कॉम्प्युटर बंद करवेना. म्हणून हे पत्र. सिडकोतल्या तुमच्या कॉम्प्युटर जुळवून देण्याच्या गाळ्यात येऊन तोंडावर बोलले असते तर 'अहो ताई, त्यात काय' म्हणून उडवून लावलं असतंत.

तुमच्याकडे येण्याआधी एका मोठ्या, एसीवाल्या दुकानात जाऊन आले होते. प्रश्न मी विचारायचे, उत्तर सोबत आलेल्या भावाला मिळायचं. शेवटी तोच वैतागून म्हणाला, 'तिच्याशी बोला हो, पैसे तिचे आहेत.' तर त्या गृहस्थांनी 'मॅडमसाठी' म्हणून कॅबिनेटचे रंगीत लाइटवाले पंखे दाखवले! कोटेशनमधला इंटेलचा प्रोसेसर शेवटी 'एफ' असलेला. त्यात स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं आलंच, हे मला तुमच्याकडे कळलं. आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर येणारा, ना नाव ना गाव.

तुम्ही आधी विचारलंत, 'काम काय करणार?' ऐकून घेतलंत आणि त्याच कोटेशनवर बॉलपेननं ग्राफिक्स कार्डाची ओळ खोडलीत. सगळ्यात महाग ओळ! प्रोसेसर बदलून रायझन ५ ५६००जी लिहिलात, ग्राफिक्स त्याच्या आतच. ते रॅमवरच चालतं, म्हणून १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८ च्या दोन घ्या म्हणालात. डेटाची वाट दुप्पट रुंद होते. वाचलेल्या पैशांत धड कंपनीचा एसएमपीएस आणि ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्क, बसली. घरी प्रत्येक वस्तू का घेतली ते मला सांगता आलं. भाऊ बघतच राहिला.

आता मुद्द्याचं. प्रोसेसर बसवायची वेळ आली तेव्हा तुम्ही म्हणालात, 'बसवा तुम्हीच.' या प्रोसेसरच्या पोटाला बारीक बारीक पिना, एखादी वाकली की डोक्याला ताप. लिव्हर वर करायची, कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्याच्या खाचेवरच्या, म्हणजे सॉकेटवरच्या, त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडायचा; दाबायचं अजिबात नाही. माझा हात थरथरत होता. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत आणि नुसते उभे राहिलात. काउंटरवरचं गिऱ्हाईक कुरकुरलं, 'द्या ना पटकन बसवून!' तुम्ही मान न वळवता म्हणालात, 'त्यांचा आहे, त्या बसवतायत. थांबा जरा.'

प्रोसेसर आपसूक बसला, मी लिव्हर खाली घेतली, तेव्हा कुठे तुमचे हात पुढे आले, त्याला थंड ठेवणारा कूलर द्यायला.

येणाऱ्या प्रत्येकाला घाई असते, नवख्या माणसाला बाजूला सारून काम उरकणं सोपं असतं. बँकेत, आरटीओत, मेडिकलमध्ये हेच बघते. त्यात तुमच्यासारखं कुणी भेटलं की दोन दिवस मीही घरात पोरांवर कमी ओरडते, खरंच.

पुढच्या आठवड्यात इंदिरानगरची माझी मैत्रीण येईल. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, तिला कार्ड लागणारच, तेव्हा तिची ओळ खोडू नका. आणि प्रोसेसर तिलाच बसवू द्या, त्रिकोणाचं मी सांगून ठेवलंय.

तुमची,
शिकवणीवाली ताई