जुनी सायकल घेताना आधी फ्रेम पाहावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वापरलेल्या सायकलींच्या खरेदीविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख उपयुक्त होता. मात्र त्यात टायर, सीट आणि रंग यांना जितकी जागा मिळाली तितकी फ्रेमला मिळाली नाही, म्हणून हे पत्र. झिजलेले टायर, ब्रेकचे रबर किंवा गंजलेली केबल थोडक्या खर्चात बदलता येते, शिवाय त्यांच्याकडे बोट दाखवून किंमतही कमी करून घेता येते. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या फ्रेमचे तसे नाही.

हँडलखालच्या उभ्या नळीला फ्रेमची खालची तिरपी नळी जिथे मिळते, त्या जोडाच्या खालच्या अंगाने बोट फिरवून पाहावे. तिथे रंगाला सुरकुत्या पडल्या असतील किंवा नळीला फुगवटा जाणवत असेल, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली असण्याची दाट शक्यता असते. अशा धडकेत पुढचे चाक धरणारा चिमटाही मागे दबतो आणि सायकलकडे बाजूने पाहिल्यास ते लक्षात येते. पोलादी फ्रेमचा किरकोळ बाक कुशल कारागीर काढू शकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंगजवळ तडा दिसला तर मात्र पुढे किमतीची चौकशीही करू नये. नव्या रंगाखाली या साऱ्या खुणा झाकल्या जातात, त्यामुळे विक्रीपूर्वी रंगवलेल्या सायकलीपेक्षा धुळीने माखलेली सायकल मला अधिक विश्वासार्ह वाटते.

चाक उचलून फिरवावे आणि रिम व ब्रेकचे रबर यांमधील फट न्याहाळावी. चाक थोडे आऊट असेल तर आरे आवळून सरळ होते, रिम ठेचलेली असेल तर ती बदलावीच लागते. दोन्ही क्रँक, म्हणजे पॅडल जोडलेले दांडे, धरून आडवे हलवल्यावर दोन्ही एकत्र डुगडुगले तर दोष मधल्या एक्सलच्या बेअरिंगचा असतो, एकच हलला तर तो क्रँक जागेवर ढिला झालेला असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकलताना हँडलपाशी खटखट जाणवणे, किंवा पुढचे चाक उचलून हँडल वळवताना ते मधोमध अडकणे, हे तिथली बेअरिंग सैल किंवा खराब झाल्याचे लक्षण आहे. सीटची दांडी वर-खाली सरकते का हेही पाहावे, कारण गंजून जाम झालेली दांडी काढताना फ्रेमचीच नासधूस होऊ शकते.

चेनची झीज डोळ्यांना दिसत नाही, पट्टीने मात्र कळते. नव्या चेनमध्ये कोणत्याही पिनपासून पुढची 24वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. हे अंतर 1/16 इंचाने वाढले असेल तर चेन बदलावी. 1/8 इंचाने वाढले असेल तर बहुधा मागच्या फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात आणि तो खर्च किमतीतून वजा करायला हवा.

एक गोष्ट लेखात अजिबात आली नव्हती. फ्रेमचा क्रमांक बहुतेक सायकलींवर क्रँकच्या एक्सलखाली ठोकलेला असतो. तो घासून काढलेला असेल तर सायकल चोरीची असू शकते, तेव्हा ती कितीही उत्तम असली तरी घेऊ नये. शाबूत असेल तर विक्रेत्याच्या सहीच्या पावतीवर तो लिहून घ्यावा.

आपला,
एक सायकलस्वार वाचक