मंगळवारपासून ताकदीच्या व्यायामाचा वर्ग: पायांना बधिरपणा असलेल्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

आपला वर्ग येत्या मंगळवारी पुन्हा सुरू होतोय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी ७ वाजता, नेहमीच्या सभागृहात. मधले दिवस स्नायूंच्या विश्रांतीसाठी आहेत, ते राहू द्या.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा पाय बधिर असतात, त्यांनी अनवाणी किंवा चपला घालून येऊ नये. सुती मोजे आणि बंद बूट हवेत. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा. आत खडा असेल, शिवण उसवलेली असेल, तरी बधिर तळव्याला ते कळत नाही. घरी गेल्यावर तळवे आरशात पाहा, बोटांच्या बेचक्याही. फोड किंवा लाली दिसली तर गरम पाण्याचा शेक अजिबात नको, डॉक्टरांना दाखवा. जखम भरेपर्यंत आपण बसून हातांचे व्यायाम करू, पण वर्ग सोडू नका.

येण्यापूर्वी साखर तपासा. इन्सुलिन घेणाऱ्यांची ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा, आणि खिशात ग्लुकोज ठेवा. मज्जातंतू कमजोर झाले की साखर उतरल्याची धडधड, थरथर जाणवेलच असं नाही.

खुर्चीतून उठबस, भिंत धरून टाचा उचलणे, रबरी पट्टा ओढणे, एवढ्यानेच सुरुवात. श्वास रोखू नका. गेलेली संवेदना याने परत येईल असं मी सांगणार नाही, पण मांड्यांत बळ आलं की तोल सावरता येतो, आणि पडण्याची भीती कमी होते.

उठताना चक्कर येत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर उपचार चालू असतील, तर सोमवारपर्यंत मला कळवा.