पातेलं एकटीने उचलू नकोस

कोल्हापूर, 12 डिसेंबर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. बावीस माणसं म्हटल्यावर "एवढा खटाटोप कशाला?" असं तोंडातून गेलं. तू गप्प झालीस आणि "ठेवते" म्हणालीस. आई त्या रात्री माझ्याशी धड बोलली नाही. करू नकोस असं मला म्हणायचं नव्हतं गं. नाताळात तिथले सगळे आपापल्या घरी जाणार, आणि ज्यांचं घर लांब आहे ती पोरं तू तांबड्या-पांढऱ्याला बोलावलीस. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत चौघांना तरी सांगितलं.

फक्त रश्शाचं पातेलं एकटीने उचलू नकोस.

आता हिशेब. माणशी पावशेर मटण धर. पाच शाकाहारी वगळले तर सव्वाचार किलो होतं. त्या पाचांना अख्खा मसूर कर, तो आदल्या दिवशी करून ठेवला तरी चालतो. चोवीसला दुपारीच दुकानं बंद होतात आणि मग दोन दिवस काही मिळत नाही असं तूच सांगितलंस, तर तुर्की खाटकाकडे बावीसलाच सांगून ठेव. मटण शिजवताना हळद टाकायच्या आधी पांढऱ्यासाठी आळणी पाणी काढून घे, नाहीतर पांढरा पिवळा होतो. नारळाचं दूध शेवटी घाल आणि मग खळखळून उकळू देऊ नकोस, फुटतं. भाकऱ्यांच्या नादाला लागू नकोस. एवढ्या भाकऱ्या एका तव्यावर होत नाहीत, भात आणि तिथला पाव ठेव.

शेजारच्या काकूंचा मुलगा सोळाला निघतोय. त्याच्याकडे एक किलो चटणी देतोय, यंदा आईने स्वतः उभं राहून कुटून आणली. खसखशीची पुडी मात्र मी काढून घेतली. त्याचं विमान दुबईवरून आहे आणि तिथं खसखस चालत नाही, उगाच पोराला त्रास. तुझ्या तिथली केकमधली खसखस निळी असते, ती घातलीस तर पांढरा रस्सा राखेसारखा दिसेल. त्यापेक्षा काजू आणि पांढरे तीळ वाढव. तूपही दिलं नाही, दुधाचं काही तिकडे नेऊ देत नाहीत.

बघ, लिहायला काय बसलो आणि शिकवायलाच लागलो. तुला हे सगळं येतं. आईपेक्षा तुझा पांढरा चांगला होतो हे मी तिच्यासमोर म्हणत नाही एवढंच. माफ कर.

पण दहा लिटर रस्सा म्हणजे दहा किलो, वर भांड्याचं वजन. तुझ्या शेगडीची काच गुळगुळीत. शेगडी बंद कर, पातेलं जागेवरच राहू दे आणि ओगराळ्याने छोट्या भांड्यांत काढून घे. ओल्या फडक्याने कान धरू नकोस, उष्णता लगेच हाताला लागते.

टेंबलाईच्या यात्रेचं ते आषाढातलं जेवण तुला आठवतं का? तू सहा वर्षांची. सकाळी पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत नेलं, दुपारी गल्लीत चूल पेटली. घाई झाली म्हणून मी तपेलं एकट्यानेच उतरवायला गेलो, आणि ओल्या फडक्यातून कान निसटला. उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला. कुणी शाई आणायला पळालं, कुणी टूथपेस्ट. तू पायरीवर पत्रावळ्या मोजत बसली होतीस. तू उठलीस, बादलीतला तांब्या भरून माझ्या पायावर ओतलास, परत भरलास, परत ओतलास. रडत होतीस, पण थांबली नाहीस. लगेच पाणी पडलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तुझी आत्या अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगते आणि मी दर वेळी आत निघून जातो.

तिथं तुला काही झालं तर तांब्या कोण ओतणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय. चुकून भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली धर, बर्फ लावू नकोस, आणि जास्त असेल तर 112 फिरव. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ऑक्टोबरातल्या आजारपणानंतर तुझ्या हातात अजून पहिली ताकद आलेली नाही. तू म्हणतेस आली. फोनवर डबा उघडताना मला दिसलं.

आईने चटणीच्या पिशवीत आणखी काय घातलंय ते मला सांगितलं नाही. पंचवीसला तुमच्या जेवणाच्या वेळी आम्ही जागे राहू, पंगत दाखव. आणि पातेल्याला दोन कान असतात. दुसरा कोण धरणार, त्याचं नाव मला आधी कळव.

तुझे,
बाबा