पडद्यावरच्या स्टील गिटारवादकाचे नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकन कंट्री संगीताच्या चित्रफितींविषयीचा लेख वाचला. या विषयावर मराठीत इतक्या आस्थेने क्वचितच लिहिले जाते, त्यामुळे लेखाचे मनापासून स्वागत. मात्र सोबतच्या छायाचित्राखाली, गायकाच्या मागे बसलेल्या स्टील गिटारवादकाचे (आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर पोलादी बार सरकवून वाजवणाऱ्याचे) नाव ज्या ठामपणे छापले आहे, त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. त्या गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रिकेवर तोच वादक वाजवतो, एवढाच आधार लेखात दिलेला आहे. तो पुरेसा नाही, आणि कंट्री संगीताच्या बाबतीत तर तो अनेकदा थेट दिशाभूल करतो.

कंट्री गायक हँक विल्यम्स यांचेच उदाहरण घ्या. त्यांना देशभर प्रसिद्धी मिळवून देणारे ‘लव्हसिक ब्लूज’ हे गाणे डिसेंबर १९४८ मध्ये सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झाले आणि त्यावरची स्टील गिटार जेरी बर्ड यांची आहे. पुढच्या वर्षी विल्यम्स कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आले, ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ हा त्यांचा वाद्यवृंद नव्याने उभा राहिला आणि मंचावर त्यांच्यामागे डॉन हेल्म्स बसू लागले. म्हणजे गाणे एकच, पण ध्वनिमुद्रिकेवरचा वादक एक आणि श्रोत्यांसमोरचा दुसरा. पुढच्या दोन दशकांत तर ही फारकत नॅशव्हिलचा रिवाजच बनली. पीट ड्रेक, लॉइड ग्रीन यांच्यासारखे वादक स्टुडिओत एका गायकानंतर दुसऱ्याची साथ करत राहिले आणि गायकाबरोबर गावोगाव फिरणाऱ्या वाद्यवृंदाला ध्वनिमुद्रणात क्वचितच स्थान मिळाले. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बहुधा हा फिरता वाद्यवृंदच असे. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर तर ज्यांच्याकडे स्वतःचे साथीदार नसत, त्यांच्यामागे कार्यक्रमाचे पगारी वादक बसत. अशा परिस्थितीत ध्वनिमुद्रिकेवरचे नाव उचलून पडद्यावरच्या माणसाला देणे म्हणजे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकणे होय.

दुसरा प्रश्न आवाजाचा. चित्रफितीत जे ऐकू येते तेच चित्रीकरणाच्या वेळी वाजत होते का, हे आधी तपासायला हवे. १९४० ते १९४६ या काळात अमेरिकेत ‘साउंडीज’ नावाचे, नाणे टाकून पाहायचे सुमारे तीन मिनिटांचे चित्रपट निघत. त्यांचे संगीत आधी ध्वनिमुद्रित होई आणि नंतर त्या आवाजाबरहुकूम कलाकार कॅमेऱ्यासमोर हातवारे करत, त्यामुळे वाद्य ज्याच्या पुढ्यात दिसते त्यानेच ते वाजवले असेल, याची खात्री देता येत नाही. शिवाय हे चित्रपट ज्या ‘पॅनोरॅम’ यंत्रात दाखवले जात, त्यात प्रतिमा आरशांवरून फिरून पडद्यावर येत असल्याने त्यांच्या प्रती मुद्दाम उलट्या छापल्या जात. अशी प्रत तशीच डिजिटल केली की उजव्या हाताने वाजवणारा वादक डावखुरा दिसू लागतो. कोटाची बटणे आणि मायक्रोफोनवरची अक्षरे पाहिली की हा उलटेपणा उघडकीला येतो. अलीकडे तर मूळ आवाज खराब झाला म्हणून जुन्या चित्रावर स्वच्छ ध्वनिमुद्रिका चढवण्याची पद्धतही पडली आहे.

यावर एक साधी परीक्षा आहे आणि ती कोणालाही करता येते. स्टील गिटारवादकाच्या डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार असतो आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या. सूर चढतो तेव्हा बार उजव्या हाताच्या दिशेने सरकायला हवा आणि उतरतो तेव्हा उलट. पेडल असलेल्या वाद्यात याहून वेगळे काही दिसते. बार जागच्या जागी असतो, पाऊल खाली जाते आणि बाकीच्या तारा स्थिर असताना एखाददुसरीच तार मींड घेतल्यासारखी वर चढते. हाताची आणि पायाची ही हालचाल कानावर पडणाऱ्या सुरांशी जुळत नसेल, तर आवाजावरून वादक ओळखण्याचा मार्ग तिथेच बंद होतो.

तारखेचा बराचसा उलगडा वाद्य स्वतःच करते. बड आयझॅक्स यांनी गायक वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात वर सांगितलेली पेडलची मींड वाजवली आणि १९५४ मध्ये ते गाणे गाजल्यावर इतर वादक आपापल्या वाद्यांना पेडल बसवून घेण्याच्या मागे लागले. त्यामुळे १९५१ चे म्हणून सांगितलेल्या चित्रणात ती मींड ऐकू आली, तर वर्ष तरी चुकले आहे किंवा आवाज तरी नंतरचा आहे, असे समजायला हरकत नाही. पेडल मात्र त्याआधीही होते. कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी यांनी वादक स्पीडी वेस्ट यांच्यासाठी १९४८ मध्येच पेडलचे वाद्य बनवले होते. त्यामुळे नुसते पेडल दिसले म्हणून चित्रण १९५४ नंतरचे ठरत नाही. वाद्याच्या मानेवर आठ तारा आहेत की दहा, खाली गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या दिसतात का, या गोष्टींवरून १९५० चे दशक आणि १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध बऱ्यापैकी वेगळे करता येतात. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी सुरू केलेल्या ‘शो-बड’ कंपनीची वाद्ये तर तारांखालच्या पट्टीवरच्या इस्पिक, बदाम, किलवर, चौकट या पत्त्यांच्या खुणांमुळे धूसर चित्रातही ओळखू येतात.

पण वाद्य ओळखले म्हणजे वादक ओळखला, असे होत नाही. बिग्सबींच्या काही वाद्यांवर दर्शनी बाजूला मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत असे आणि ते वाचून पुष्कळ जण निश्चिंत होतात. पण वादक वाद्ये विकत, बदलत, एकमेकांना वापरायलाही देत. पेडलच्या क्रमाचेही तसेच. पहिल्या तीन पेडलचे दोन क्रम प्रचलित आहेत, एक बडी एमन्स यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या बरोबर उलटा जिमी डे यांच्या नावाने. डावे पाऊल स्पष्ट दिसत असेल तर त्यावरून एखादे नाव बाद करता येते, परंतु दोन्ही क्रम असंख्य वादकांनी उचलले असल्यामुळे कोणाचे नाव पक्के मात्र करता येत नाही. आणखी एक गफलत नेहमी होते. उभे राहून, पट्ट्याने गळ्यात आडवे अडकवून वाजवले जाणारे वाद्य बहुधा डोब्रो, म्हणजे पोटात धातूची तबकडी बसवलेली गिटार, असते. गायक रॉय अकफ यांच्या वाद्यवृंदातील पीट कर्बी यांचे वाद्य हेच. त्याला स्टील गिटार समजून शोध सुरू केला तर तो पहिल्याच पावलाला भरकटतो.

म्हणून माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आधी चित्रीकरणाची तारीख आणि मग त्या तारखेला वाद्यवृंदात कोण होते, याची नोंद. वाद्यवृंदप्रमुख बॉब विल्स यांच्याकडे स्टील गिटारवर १९३५ पासून लिऑन मॅकऑलिफ होते, युद्धकाळात ते नौदलात गेले, १९४४ मध्ये नोएल बॉग्ज आले आणि १९४६ मध्ये हर्ब रेमिंग्टन. इथे वर्ष निश्चित झाले की निम्मे काम झाले. विल्स यांना वादकाला नावाने हाक मारून पुढे बोलावण्याची सवय होती, त्यामुळे मूळ आवाज शाबूत असेल तर ती हाक हाही पुरावाच. गायक बक ओवेन्स यांच्यामागे टॉम ब्रम्ली १९६३ च्या अखेरीपासून १९६९ पर्यंत होते, त्यानंतरच्या चित्रणाला त्यांचे नाव लावता येणार नाही. तारीख शोधताना फिल्मच्या कडेला कोडॅकने छापलेली वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हे उपयोगी पडतात, पण तीच चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा येत आणि त्यातून कळते ते फिल्म तयार झाल्याचे वर्ष, चित्रीकरणाचे नव्हे. वादकांच्या संघटनेकडे भरलेल्या करारपत्रांवर नावे आणि तारखा असतात. वादकाचे नातेवाईक किंवा जुने सहकारी यांची साक्षही मोलाची, फक्त “हे अमुकच ना?” असे विचारून ती घेऊ नये. चित्र दाखवावे, नाव त्यांना सांगू द्यावे आणि दुसऱ्याला ते वेगळे विचारावे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कॅमेरा गायकावर खिळलेला असतो आणि हा माणूस एका कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला असतो. त्यातच चुंबकीय फीत येण्याआधीचे दूरचित्रवाणी कार्यक्रम टिकले ते संचाच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेतल्यामुळे, आणि त्यात कडेचे चित्र पुसट होई किंवा कापले जाई. श्रेयनामावलीतही या वादकाचे नाव बहुधा नसे. आणि तरीही गाण्यातला जो हुंदका ऐकून आपण थबकतो, तो पुष्कळदा त्याच्याच हातचा असतो. कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथून प्रसारित होणाऱ्या ‘टाउन हॉल पार्टी’ या १९५० च्या दशकातील कार्यक्रमात स्टील गिटारवर बसलेली स्त्री दिसते, ती मॅरियन हॉल. पुरुषांनी भरलेल्या त्या क्षेत्रात ती कार्यक्रमाची नियमित वादक होती. तिला नुसते ‘साथीला एक महिला’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि तिच्या जागी भलत्याचेच नाव छापले जाणे त्याहून मोठा अन्याय ठरेल. चुकीचे नाव एकदा छापले गेले की पुढचे दहा जण तेच उतरवून घेतात आणि खऱ्या माणसाचा शोध घेण्याची गरजच कोणाला वाटेनाशी होते.

तेव्हा माझी विनंती अशी की, त्या छायाचित्राखालचे नाव मागे घेऊन ‘स्टील गिटारवादकाची ओळख अद्याप पटलेली नाही’ एवढे निवेदन आपण छापावे. लेखकाकडे रेकॉर्डशिवाय अन्य काही पुरावा असेल तर तोही वाचकांसमोर आणावा, तो पटला तर मला आनंदच होईल. छापलेले चित्र वाद्याच्या वरच्या कडेशीच कापले आहे. वाद्याची दर्शनी बाजू, त्याखालचे पेडल आणि वादकाचे डावे पाऊल दिसेल अशी पूर्ण चौकट मिळाली, तर ती कृपया पुढच्या अंकात मोठ्या आकारात द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक